देव आणि देवाचीं कामें

वाचन : योहान २१ : १५-१९



आमच्या प्रभूनें समुद्रकांठीं पेत्राला आपलीं मेंढरें सांभाळण्याची आज्ञा दिली, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या आज्ञेच्या पाठोपाठ प्रभूनें त्याला जी दुसरी गोष्ट सांगितली, तिचा विचार आपण क्वचितच करितों. तरुणपणीं पेत्र आपल्या मर्जीप्रमाणें हिंडला फिरला. परंतु पुढें असा दिवस येणार होता कीं, त्याचे हात दुसऱ्याच्या ताब्यांत जावेत आणि नको त्या वाटेनें त्याला नेण्यांत यावें. पाहा, एकाच बैठकींत काम सोंपविण्यांत आलें, आणि त्याच बैठकींत तें काम एके दिवशीं हातांतून जाईल हेंहि कळविण्यांत आलें. मग शेवटीं प्रभूनें काय सांगितलें ? आपल्या मागें येण्यास सांगितलें. मेंढरें देतांना जो धनी होता, तोच हात बांधले जातांनाहि धनी राहणार होता. आजच्या वचनाचें सार एवढेंच आहे.

आपणां खेड्यांतील लोकांस अशा दिवसांची ओळख नाहीं असें नाहीं. कोणा उपदेशकाची बदली होते. ज्या मंडळीला त्यानें अक्षरओळखीपासून वाढविलें, तिला सोडून त्याला परक्या गांवीं बिऱ्हाड मांडावें लागतें. कोणाची विहीर आटते आणि घरदार बंद करून ऊस तोडावयास जावें लागतें. कोणाचें शेत धरणाच्या पाण्याखालीं जातें. कोणा बहिणीचा कुंकवाचा धनी एका रात्रींत जातो आणि सकाळीं तिला वाटतें कीं, घर तेंच, चूल तीच, परंतु आपण मात्र दुसऱ्याच मुलखांत आलों आहों. अशा वेळीं ओठांवर एकच प्रश्न येतो : देवानेंच हें सर्व दिलें होतें, तर आतां तें काढून कां घेतलें ? आणि ह्या प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक भयंकर प्रश्न लपलेला असतो : जें दिलें होतें तें गेलें, तर देणाराहि गेला काय ?

ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आम्ही आज एका मनुष्याच्या चरित्रांतून देऊं इच्छितों. तो मनुष्य आमच्या देशाचा नव्हे. व्हिएतनाम देशाचा होता. तो रोमन कॅथॉलिक मंडळीचा बिशप होता. त्यांच्या व आमच्या उपासनेच्या रीतींत भेद आहे. परंतु देवावर भाव ठेवण्याची शाळा सर्वांची एकच आहे, आणि त्या शाळेंत जो पुढच्या बांकावर बसला त्याच्यापासून मागच्या बांकावरील सर्वांनीं शिकावें हें उचित होय.

ह्या सत्पुरुषाचें नांव फ्रान्सिस झेवियर न्ग्वेन व्हान थुआन. त्यांचा जन्म १७ एप्रिल १९२८ रोजीं व्हिएतनामांतील ह्वे शहरीं झाला. त्यांच्या कुळांतील पूर्वजांनीं विश्वासासाठीं छळ सोसला होता, आणि त्या गोष्टी त्यांच्या मातुःश्रींनीं त्यांना बाळपणापासून ऐकविल्या होत्या. त्यांचे मामा न्गो दिन्ह जिएम हे दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष झाले, आणि १९६३ सालीं मारले गेले. तेव्हां मोठेपण किती लवकर येतें व किती लवकर जातें, हें ह्या घराण्यानें डोळ्यांनीं पाहिलें होतें. थुआन १९५३ सालीं धर्मगुरु झाले आणि १९६७ सालीं न्हा त्रांग येथील बिशप झाले. आठ वर्षें त्यांनीं त्या धर्मप्रांतांत अंग मोडून काम केलें. नवे धर्मगुरु तयार करण्याच्या शाळा वाढविल्या, तरुण व सामान्य विश्वासी लोक ह्यांना मंडळीच्या कामासाठीं शिकवून पुढें आणिलें. युद्ध जवळ जवळ येत होतें. म्हणून आपण नसलों तरी मंडळी उभी राहावी, ही त्यांची मोठी काळजी होती.

२४ एप्रिल १९७५ रोजीं पोपसाहेबांनीं त्यांना सायगॉनचे सहायक आर्चबिशप नेमिलें; म्हणजे तेथील आर्चबिशपांच्या मागून त्यांनींच ती जागा चालवावयाची होती. अवघ्या सहा दिवसांनीं, ३० एप्रिल रोजीं, सायगॉन शहर उत्तरेकडील कम्युनिस्ट सैन्याच्या हातीं पडलें. नव्या सरकारास ही नेमणूक मान्य झाली नाहीं. १५ ऑगस्ट १९७५ रोजीं, म्हणजे कॅथॉलिक मंडळींत मरियेचा मोठा सण असतो त्या दिवशीं, थुआन ह्यांना बोलावून नेऊन अटक करण्यांत आली. अंगावर पाद्रीपणाचा झगा आणि खिशांत जपमाळ, एवढाच काय तो संसार. मोटारींत बसवून त्यांना सुमारें ४५० किलोमीटर दूर न्हा त्रांगच्या बाजूस नेलें. जेथें आठ वर्षें ते बिशप म्हणून फिरले होते, त्याच प्रांतांत ते कैदी म्हणून आले. त्यांचें वय तेव्हां ४७ वर्षांचें होतें. अंगांत बळ, डोक्यांत योजना आणि गांठीं अनुभव, असें तें वय. त्यांच्यावर रीतसर खटला चालला नाहीं, शिक्षेची मुदत सांगण्यांत आली नाहीं. ते एकंदर १३ वर्षें बंदीवासांत राहिले, आणि त्यांपैकीं ९ वर्षें एकांतवासांत.

बंधूंनो, येथें क्षणभर थांबूं या. पुढचें चरित्र ऐकण्याची आपल्याला घाई असते, कारण गोष्टीचा शेवट गोड व्हावा असें आपल्याला वाटतें. परंतु त्या कोठडींत बसलेल्या मनुष्याला शेवट ठाऊक नव्हता. खिडकी नसलेली खोली, उकाडा आणि ओल. कधीं दिवसरात्र दिवा जळता, तर कधीं सर्वकाळ अंधार. आणि ह्या सर्वांहून कठीण म्हणजे मनांतील जाळ. आपण आरंभिलेलीं कामें अर्धवट पडलीं, आपलीं मेंढरें विखुरलीं, आपण येथें निरुपयोगी होऊन पडलों, ह्या विचारानें त्यांना झोंप येत नसे. पुढें त्यांनीं स्वतः प्रांजळपणें कबूल केलें कीं, आजार आणि थकवा ह्यांनीं शरीर इतकें खचे कीं, कित्येक दिवस एकहि प्रार्थना म्हणवत नसे. जो मनुष्य बिशप होता, त्याची ही गोष्ट ! तेव्हां आपल्यापैकीं कोणाला संकटाच्या दिवसांत प्रार्थनेचे शब्द सुचत नसतील, तर त्यानें आपण देवापासून तुटलों असें समजूं नये.

अशाच एका रात्रीं त्यांना अंतःकरणांत एक उत्तर मिळालें. त्याचा भावार्थ आम्ही आपल्या शब्दांनीं सांगतों. त्यांना असें उमगलें कीं, आपण आजवर देव आणि देवाचीं कामें ह्या दोन गोष्टी एकच धरून चाललों होतों. धर्मप्रांतांत फिरणें, धर्मगुरु तयार करणें, शाळा चालविणें, सुवार्ता गाजविणें, हीं सर्व उत्तम कामें खरीं. तीं देवाचींच कामें खरीं. परंतु तीं देव नव्हेत. देवाची इच्छा असेल तर तीं ह्या घडीस सोडून द्यावीं आणि त्याच्यावर भरंवसा ठेवावा. तो आपलीं कामें आपल्यापेक्षां चांगल्या हातांत सोंपवील. आपण देवाला निवडिलें आहे. त्याच्या कामांना नव्हे. ह्या विचारानें त्यांच्या मनाला असा निवांतपणा आला कीं, पुढील सर्व वर्षांत तोच त्यांचा आधार झाला.

हें ऐकून कोणी म्हणेल, मग कामाची किंमत ती काय ? तसें नव्हे. जो देवावर प्रीति करितो तो त्याच्या कामांत कुचराई करणार नाहीं. कुणबी पीक वाढवितो तें मन लावूनच वाढवितो. परंतु पीक गेलें म्हणून जमिनीला शिव्या देत नाहीं, कारण पीक एका हंगामाचें आणि जमीन पिढ्यान् पिढ्यांची, हें त्याला ठाऊक असतें. आपलें काम, आपली जागा, आपला मान, आपली माणसें हीं सर्व हंगामाचीं पिकें होत. देव हा जमिनीसारखा आहे. पीक कापून गेलें तरी पायांखालीं तो आहेच. आणि शेत उघडें पडलें म्हणजेच पुष्कळदां प्रथम आपल्याला जमीन दिसते.

दुसरी गोष्ट ऐका. थुआन ह्यांना अटक झाली तेव्हां त्यांनीं मनाशीं एक निश्चय केला कीं, आपण सुटकेची वाट पाहत बसावयाचें नाहीं. कैदी सर्वच वाट पाहतात. परंतु ज्याची वाट पाहावी तें बहुधा येतच नाहीं, आणि तोंवर आयुष्य मात्र निघून जातें. म्हणून आजचा दिवस, ही घडी, हीच प्रीतीनें भरून टाकावयाची, असें त्यांनीं ठरविलें. ठरविणें सोपें असतें. पण त्यांनीं तें केलें कसें तें पाहा. १९७५ च्या ऑक्टोबरांत ते एका खेड्यांत पहाऱ्याखालीं असतां, त्यांनीं सात वर्षांच्या एका मुलाकडून त्याच्या आईला निरोप पाठविला कीं, जुन्या कॅलेंडरांचे कागद मिळाल्यास द्यावेत. मुलानें कागद आणून दिले. रात्रीच्या वेळीं त्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर त्यांनीं आपल्या लोकांसाठीं लहान लहान बोधवचनें लिहिलीं. मुलगा तीं घरीं नेई, आणि त्याचीं भावंडें त्यांच्या प्रती उतरून काढीत. अशीं १००१ वचनें झालीं, आणि पुढें ‘आशेचा मार्ग’ अशा अर्थाच्या नांवानें तें पुस्तक अनेक भाषांतून जगभर गेलें. प्रिय उपदेशक बंधूंनो, विचार करा. ज्या बिशपाजवळ एके काळीं शाळा, माणसें व साधनें होतीं, त्याच्याजवळ आतां एक पोर आणि रद्दी कागद एवढेंच उरलें होतें. त्यानें गेलेल्याचा हिशेब मांडला नाहीं, उरलेलें उचललें.

हाच धडा यिर्मया संदेष्ट्यानें बाबेलांतील बंदिवानांस पत्र पाठवून शिकविला होता. ते लोक आज परत जाऊं, उद्यां परत जाऊं, अशा आशेवर गांठोडीं बांधून बसले होते. संदेष्ट्यानें त्यांना सांगितलें कीं, तेथेंच घरें बांधा, मळे लावा, मुलाबाळांचीं लग्नें करा, आणि ज्या नगरांत तुम्हांला नेलें आहे त्याच्या कल्याणासाठीं प्रार्थना करा. हें पत्र त्यांना कडू लागलें असेल. परंतु जो गांठोडें सोडीत नाहीं, त्याला कोणत्याहि गांवीं भाकर भाजतां येत नाहीं.

तिसरी गोष्ट. १ डिसेंबर १९७६ च्या रात्रीं थुआन ह्यांना सुमारें १५०० कैद्यांबरोबर एका जहाजाच्या तळांत कोंबून उत्तरेकडे नेण्यांत आलें. प्रवास सुमारें १७०० किलोमीटरांचा. भोंवतीं अंधार, दुर्गंधि, रडणारीं व निराश झालेलीं माणसें. एकानें तर तारेनें गळफांस लावून घेण्याचा प्रयत्न केला. लोकांनीं थुआन ह्यांना बोलाविलें, आणि ते त्याच्याजवळ जाऊन बोलत बसले. आपला धर्मप्रांत आतां कायमचा दुरावला, हें त्यांना त्या रात्रीं स्पष्ट कळलें. परंतु त्याच अंधारांत त्यांना असेंहि कळलें कीं, हें जहाज हेंच आतां आपलें मंदिर, आणि हे कैदी हेच आपल्याला सोंपविलेले लोक. देवानें त्यांची मेंढरें काढून घेतलीं नव्हतीं. मेंढवाडा बदलला होता.

उत्तरेकडील छावणींत पन्नास पन्नास कैद्यांचे गट असत, आणि एकेकाला निजावयास हातभर जागा मिळे. त्यांनीं पूर्वींच आपल्या लोकांस चिठी लिहून पोटाच्या औषधासाठीं थोडा द्राक्षारस मागितला होता. लोकांना अर्थ समजला. त्यांनीं बाटलीवर पोटाचें औषध अशी चिठी चिकटवून ती पाठविली, आणि विधीची भाकर दमट हवेनें खराब होऊं नये म्हणून विजेच्या बत्तींत लपवून धाडिली. मग हा बिशप आपल्या तळहातावर द्राक्षारसाचे तीन थेंब व पाण्याचा एक थेंब घेऊन, प्रभुभोजनाचा तो विधि, ज्याला त्यांची मंडळी मिस्सा म्हणते, तो तोंडपाठ म्हणत असे. रात्रीं दिवे मालवल्यावर तो निजल्या जागीं वांकून हें करी, आणि शेजारच्या विश्वासी बांधवांना मच्छरदाणीखालून प्रसादाची भाकर पोंचवी. सिगारेटच्या पाकिटांच्या कागदाच्या पुड्या करून त्यांत ते ती भाकर जपून ठेवीत. आपल्यापैकीं कित्येकांना वाटतें कीं, चांगलें प्रार्थनामंदिर नाहीं, पेटी नाहीं, तबला नाहीं, म्हणून उपासना नीट होत नाहीं. तळहात तर प्रत्येकाजवळ आहे.

मग एकांतवासाचीं वर्षें आलीं. दोन पहारेकरी आणि एक कैदी. प्रथम पहारेकरी त्यांच्याशीं बोलतच नसत. हो किंवा नाहीं एवढेंच उत्तर देत. थुआन ह्यांनीं विचार केला कीं, आपल्याजवळ देण्यासारखें कांहींच नाहीं असें वाटतें खरें, पण प्रीति तर कोणी काढून घेतली नाहीं. ते त्यांच्याकडे पाहून हंसूं लागले, आपल्या प्रवासाच्या गोष्टी सांगूं लागले, फ्रेंच व इंग्रजी भाषा शिकवूं लागले. पहारेकरी मित्र झाले. अधिकाऱ्यांनीं आरंभीं दर पंधरा दिवसांनीं पहारेकरी बदलण्याची रीत ठेविली होती, कारण हा मनुष्य त्यांना बिघडवील अशी त्यांना भीति होती. पुढें त्यांनीं ती रीतच बंद केली, कारण अशानें तो सर्वच पहारेकऱ्यांना बिघडवून टाकील ! एका पहारेकऱ्यानें त्यांना लांकडाचा लहान तुकडा कापून वधस्तंभ करूं दिला. तो त्यांनीं साबणाच्या वडींत लपविला. दुसऱ्यानें विजेची तार व पकड दिली. तिची सांखळी झाली. आणखी एकाला त्यांनीं पवित्र आत्म्याला पाचारण करणारें एक प्राचीन लॅटिन गीत लिहून दिलें, आणि तो कम्युनिस्ट पहारेकरी सकाळीं अंग धुण्यास जातांना तें गात असे. तोच लांकडी वधस्तंभ व तीच सांखळी त्यांनीं सुटकेनंतरहि गळ्यांत वागविली.

२१ नोव्हेंबर १९८८ रोजीं त्यांची सुटका झाली. परंतु बंधूंनो, आतां नीट लक्ष द्या, कारण येथेंच आपला भाव पारखला जातो. त्यांना सायगॉन परत मिळालें नाहीं. ज्या मंडळीसाठीं त्यांची नेमणूक झाली होती, तिचा कारभार त्यांच्या हातीं कधींच आला नाहीं. १९९१ सालीं ते देशाबाहेर गेले, आणि पुन्हां मायदेशीं राहावयास त्यांना येऊं देण्यांत आलें नाहीं. रोम शहरीं परदेशी माणूस म्हणून त्यांचे शेवटचे दिवस गेले. तेथें १९९८ सालीं न्याय व शांति ह्यांच्या कार्यासाठीं असलेल्या पोपसाहेबांच्या परिषदेचे ते अध्यक्ष झाले. २००० सालीं उपवासकाळांत पोप दुसरे जॉन पॉल व त्यांचे सहकारी ह्यांच्यापुढें त्यांनीं आध्यात्मिक प्रवचनें केलीं. २००१ सालीं ते कार्डिनल झाले. आणि १६ सप्टेंबर २००२ रोजीं कर्करोगानें त्यांचें देहावसान झालें. २०१७ सालीं त्यांच्या मंडळीनें त्यांना ‘वंदनीय’ ही पदवी दिली. हे मोठे मान खरे. परंतु जें हरपलें होतें, त्याची ती भरपाई नव्हे. देवाशीं त्यांनीं असा सौदा केलाच नव्हता कीं, मी तेरा वर्षें भाव ठेवितों आणि तूं मला माझें सायगॉन परत दे. भाव हा सौदा नव्हे. इयोबाला गुरेंढोरें परत मिळालीं, परंतु पेत्राला मासे धरण्याची होडी परत मिळाली नाहीं. तरी दोघांनाहि देव मिळाला.

आतां आम्ही आपलेंच एक उदाहरण देतों, आणि तें सांगावयास आम्हांला लाज वाटते. एका गांवीं आम्ही नऊ वर्षें सेवा केली. पत्र्याचें प्रार्थनाघर उभें राहिलें, रात्रीची शाळा चालली, लोकांचा लोभ जडला. मग वैशाखाच्या भर उन्हांत दुसऱ्या गांवीं जाण्याचा हुकूम आला. आम्ही गेलों, पण मनानें गेलों नाहीं. नव्या गांवीं वर्षभर आम्ही पाहुण्यासारखे राहिलों. उपासना घेत होतों, परंतु आंतून कुरकुरत होतों कीं, आमच्या हातचें रोप उपटलें गेलें, आतां त्या मंडळीची धूळधाण होणार. वर्षानें एका मातीसाठीं आम्ही जुन्या गांवीं परत गेलों. सायंकाळीं पाहतों तों, जिला अक्षरहि वाचतां येत नाहीं अशी एक वृद्ध आजी प्रार्थनाघराच्या ओट्यावर मुलांना भोंवतीं घेऊन उधळ्या पुत्राची गोष्ट सांगत होती. आम्ही असतांना नऊ वर्षांत तिनें मंडळींत कधीं तोंड उघडलें नव्हतें. खरें सांगावयाचें तर आम्हींच तिला कधीं बोलूं दिलें नव्हतें. आम्हांला पाहून ती म्हणाली, “मास्तर, तुम्ही गेलां तवा लई रडलों. पण सांजच्याला दिवा तर कुणीतरी लावायलाच पायजे व्हता न्हवं ?” मग तिनें सहज विचारलें, “तिकडचीं लेकरं कशीं हायेत ? नांवं काय त्यांचीं ?”

आमच्यानें उत्तर देववलें नाहीं. वर्ष झालें होतें, आणि त्या गांवच्या चार मुलांचींहि नांवें आम्हांला ठाऊक नव्हतीं.

त्या रात्रीं परत येतांना आम्हांला समजलें कीं, आम्ही ज्याला मंडळीवरील प्रीति म्हणत होतों तींत आमच्या स्वतःच्या नांवावरील प्रीति बरीच मिसळलेली होती. जुन्या गांवचें काम देवानें आमच्यापेक्षां चांगल्या हातीं दिलें होतें. आणि नव्या गांवचें काम आमच्या हातीं दिलें असतां, आम्ही हात मिटून बसलों होतों. आम्हांला कोणी तुरुंगांत टाकलें नव्हतें. आमची कोठडी आम्हींच बांधली होती.

म्हणून, प्रिय जनहो, ज्यांच्या आयुष्याची घडी सध्यां विस्कटली आहे, त्यांना आमची नम्र विनंति आहे. रडूं नका, असें आम्ही सांगत नाहीं. प्रभु स्वतः लाजाराच्या कबरेपाशीं रडला. अन्याय झाला असेल तर त्याची दाद मागूं नका, असेंहि आम्ही सांगत नाहीं; पौलानें आपल्या नागरिकत्वाचा हक्क सांगितला, आणि देवावरील भाव म्हणजे अन्यायाला संमति नव्हे. धरणांत जमीन गेली असेल तर मोबदल्यासाठीं अर्ज अवश्य करावा. परंतु दाद मागतांना व वाट पाहतांना आजचा दिवस हातचा जाऊं देऊं नका. ऊसतोडीला गेलेल्या बंधूंनो, कोपीच्या दारांतहि दोन कुटुंबें एकत्र बसून प्रार्थना करूं शकतात. विधवा भगिनींनो, तुमच्या घरांतील एक माणूस गेलें. तुम्हांला हांक मारणारा देव गेला नाहीं. बदली झालेल्या उपदेशकांनो, नव्या गांवीं पोंचल्यावर पहिल्या आठवड्यांत मुलांचीं नांवें शिका.

आणि ज्यांचे दिवस सध्यां बरे चालले आहेत, त्यांनीं आजच आपल्या मनाला एक प्रश्न विचारावा : उद्यां हें शेत, ही नोकरी, ही मंडळी, हा मान माझ्या हातांतून गेला, तर माझ्याजवळ काय उरेल ? ज्याचें उत्तर ‘देव’ असें आहे, तो आजचें सुख मोकळ्या मनानें भोगूं शकतो, कारण तें घट्ट धरून ठेवण्याची त्याला गरज नाहीं.

चला, आपण प्रार्थना करूं या.

हे आमच्या स्वर्गांतील बापा, तूं दिलेल्या वस्तु आम्हांला इतक्या आवडल्या कीं, कधीं कधीं आम्ही देणाऱ्यालाच विसरलों. आमचे हात बांधले गेले तरी आमचें अंतःकरण तुझ्याकडे मोकळें राहो. जें गेलें तें तुझ्या हातीं आहे असा भरंवसा दे. जें उरलें तें उचलण्याची बुद्धि दे. आणि ज्या नव्या वाटेनें तूं आम्हांला नेत आहेस, त्या वाटेवरील माणसांचीं नांवें आम्हांला शिकीव. प्रभु येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.